सरळव्याजाच्या गणितात हप्ता कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेश सुरू झाले. या दिवसांत सोलापुरातल्या कितीतरी घरांत एखादे नवे कर्ज होते. कुणाचे शिक्षणासाठी, कुणाचे कॉलेजला जायच्या गाडीसाठी, कुणाचे मोबाइलसाठी. सही आई-वडिलांची असते, पण कागद वाचायला दिला जातो घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे. ‘बघ जरा, व्याज बरोबर लावलंय का?’ गणितात नव्वद गुण मिळवलेल्या मुलालाही याचे उत्तर देता येत नाही. त्यात दोष त्याचा नाही. त्याला जे शिकवले त्यात हप्ताच नव्हता.

सातवीच्या गणितात ‘बँक व सरळव्याज’ आहे, आठवीत चक्रवाढव्याज आहे, नववी-दहावीच्या अर्थनियोजनात आयकर, जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंडही आहेत. अभ्यासक्रम वाईट नाही. पण मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर या सूत्रात मुद्दल मुदतभर जागचे हलत नाही. पहिल्या दिवशी घेतले आणि शेवटच्या दिवशी एकरकमी फेडले, असे ते सूत्र धरून चालते. बाजारातले जवळजवळ प्रत्येक कर्ज मात्र दरमहा, दर आठवड्याला, कधी दररोज थोडेथोडे फिटत असते. ही एक गोष्ट न सांगितल्यामुळे मुले जन्मभर चुकीचा भागाकार करतात.

मोबाइलसाठी १२,००० रुपये घेतले, दर १२ टक्के ‘फ्लॅट’ (म्हणजे पूर्ण मुदत मूळ रकमेवरच व्याज), १२ हप्ते. दुकानदार सूत्राप्रमाणेच मोजतो. व्याज १,४४०, एकूण १३,४४०, हप्ता १,१२०. मुलगा वहीत पडताळून पाहतो आणि सांगतो, बरोबर आहे, बारा टक्केच आहे. पण १२,००० रुपये घरात वर्षभर राहिले कुठे? पहिल्या हप्त्यानंतर साधारण अकरा हजार उरले, सहाव्यानंतर निम्मे, शेवटच्या महिन्यात फक्त हजार. पाच खोल्यांचे घर भाड्याने घ्यावे, दर महिन्याला एकेक खोली रिकामी करून किल्ली परत द्यावी, आणि मालकाने शेवटपर्यंत पाचही खोल्यांचे भाडे घ्यावे, तसा हा हिशेब आहे.

हे मोजायला मोठे गणित लागत नाही. दर महिन्याच्या सुरुवातीला किती रुपये वापरात होते ते एकाखाली एक लिहायचे: १२,०००, ११,०००, १०,००० असे करत १,००० पर्यंत. बेरीज ७८,००० येते. याला आम्ही वर्गात ‘रुपया-महिने’ म्हणतो. बँकेतली जुनी मंडळी याच पद्धतीच्या आकड्याला ‘प्रॉडक्ट’ म्हणत. खरोखर १२ टक्के वार्षिक, म्हणजे महिन्याला एक टक्का असता, तर ७८,००० वर व्याज झाले असते ७८० रुपये. घेतले १,४४०. आता १,४४० ला ७८,००० ने भागून शंभराने गुणले तर महिन्याला १.८५ टक्के, वर्षाला सुमारे २२ टक्के. यात दरमहा मुद्दल सारखेच फिटते असे धरले आहे. समान हप्त्याचा काटेकोर हिशेब केला तर दर २१.४६ टक्के येतो. म्हणून ‘फ्लॅट’ दर ऐकला की त्याला १.८ ने गुणावे. एक ते तीन वर्षांच्या कर्जाला उत्तर खऱ्याच्या अगदी जवळ जाते.

काटेकोर उत्तर हवे असेल तर मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये (आकडेमोडीच्या तक्त्यात) ‘रेट’ (RATE) नावाचे सूत्र आहे. त्यात क्रमाने तीन आकडे द्यायचे: हप्त्यांची संख्या, हप्ता (उणे चिन्ह लावून) आणि प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम. उत्तर महिन्याचा दर येतो, त्याला १२ ने गुणायचे. इथे मुले हमखास दोन चुका करतात. उणे चिन्ह विसरले की सूत्र चूक दाखवते, हे निदान कळते तरी. दुसरी चूक दिसत नाही. चौकटीत १.७९ टक्के असताना स्प्रेडशीट ते गोल करून २ टक्के दाखवते, आणि मुलगा पडद्यावरचा आकडा कागदावर घेऊन २४ टक्के सांगतो. दशांश स्थळे वाढवून घ्यावीत किंवा गुणाकार त्याच चौकटीत करावा.

‘हातात आलेली रक्कम’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. याच कर्जात दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी आधीच कापला, तर २८३ रुपये २० पैसे जातात आणि हातात ११,७१६ रुपये ८० पैसे येतात. हप्ता तोच १,१२०. दर झाला २६ टक्क्यांहून किंचित जास्त. बारा टक्के म्हणून सुरू झालेली गोष्ट सव्वीसवर जाते, आणि यात बेकायदा असे काहीच घडलेले नसते. कर्जाला विमा जोडला असेल तर त्याचा हप्ताही याच हिशेबात धरायचा.

आणखी एक गोष्ट मध्येच कर्ज मिटवायला गेल्यावर कळते. सहा हप्ते भरले, निम्मे कर्ज फिटले, म्हणून ६,००० रुपये घेऊन माणूस जातो. तिथे बाकी निघते सुमारे ६,३१९. फसवले असे वाटते, पण हिशेब त्या २१.४६ टक्क्यांनीच मांडलेला असतो. पहिल्या हप्त्यातले २१५ रुपये व्याजात गेले आणि ९०५ मुद्दलात. पुढे व्याजाचा भाग घटत जातो. प्रत्येक हप्त्यातले व्याज सारखे असते ही समजूत सूत्रानेच करून दिलेली आहे.

‘झिरो टक्के’ हप्त्यांचेही तसेच. रोख घेणाऱ्याला १६,५०० ला मिळणारा मोबाइल हप्त्याने १८,००० ला मिळतो, सहा हप्ते, तीन-तीन हजारांचे. व्याज शून्य लिहिले असले तरी सोडून दिलेली १,५०० ची सूट हेच व्याज. ‘रेट’मध्ये ६, उणे ३,००० आणि १६,५०० टाकून पाहा, वार्षिक साडेतीस टक्के येतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते. दुकानात एकच प्रश्न विचारायचा: रोख दिले तर कितीला द्याल?

सोलापुरात यापेक्षा महाग पैसा रोज फिरतो, आणि तो सर्वांत गरीब हातांत फिरतो. भाजी विकणारे, टपरीवाले, घरी विड्या वळणाऱ्या बाया यांच्यापर्यंत पोचणारा हा व्यवहार: दहा हजार लिहून घ्यायचे, हातात नऊ हजार द्यायचे, आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये न्यायचे. बोलताना त्याला ‘दहा टक्के’ म्हणतात. वरच्याच रीतीने मोजा. नऊ हजार पूर्ण वेळ कधीच जवळ नसतात, सरासरीने साडेचार हजार असतात. त्यावर शंभर दिवसांत हजार रुपये. वर्षाचा दर येतो ८० टक्क्यांच्या आसपास, काटेकोर हिशेबाने जवळपास ७८ टक्के. ‘शेकडा तीन’, ‘शेकडा पाच’ हे तर महिन्याचे दर; वर्षाला ३६ आणि ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला. त्याखाली शासनाने परवानाधारक सावकारासाठी कमाल दर ठरवले आहेत: शेतकऱ्याला तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के, तेही वार्षिक. अकरावीच्या मुलाला हे चार आकडे आणि महिन्याचा दर वर्षाचा करणे एवढे जरी आले, तरी घरातल्या चर्चेत त्याच्या बोलण्याला वजन येईल. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते.

मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गटातून मिळणाऱ्या छोट्या विनातारण कर्जांत हप्ता पुष्कळदा आठवड्याचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमानुसार मायक्रोफायनान्सचे कर्ज देताना कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असले पाहिजेत. घरात १६,००० येत असतील तर ८,००० ही हद्द. ही बेरीज करताना आठवड्याचा हप्ता चारने गुणला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. वर्षात आठवडे ५२ असतात. ९०० चा साप्ताहिक हप्ता महिन्याला ३,६०० नसून ३,९०० पडतो. दोन गटांचे कर्ज असेल तर महिन्याला सहाशेचा फरक, आणि नेमका तोच पुरा करायला तिसरे कर्ज घेतले जाते. मुदतीआधी फेडले तर या कर्जांवर दंड घेता येत नाही, हेही पालकांना माहीत नसते.

आता कागदाबद्दल. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्त कंपन्यांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाची मुख्य माहिती एकत्र देणारा कागद) देणे बंधनकारक केले आहे. त्यात ‘एपीआर’, म्हणजे फी आणि विमा धरून पडणारा वार्षिक दर, स्पष्ट लिहावा लागतो. फेडीचा तक्ता द्यावा लागतो. या कागदावर नसलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. शिवाय तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे. आपल्या शहराला याचे महत्त्व सांगायला नको. पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, कितीतरी मोहल्ल्यांत उर्दू, आणि सही होते इंग्रजी कागदावर. मराठीत किंवा आपल्या भाषेत द्या, असे म्हणण्याचा हक्क आहे. मुलांनी दुसरे काही वाचले नाही तरी चालेल, या कागदावरचा एपीआर तेवढा शोधून काढावा आणि दोन ठिकाणचे कर्ज फक्त त्याच आकड्यावर ताडून पाहावे. हप्ता चुकल्यावरचा दंड मात्र एपीआरमध्ये धरलेला नसतो, तो वेगळा वाचावा लागतो. १,१२० च्या हप्त्यावर एकदा पाचशेचा दंड बसला तर वर केलेला सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेनंतर तीन-चार दिवसांची मागून घ्यावी.

शैक्षणिक कर्जात वेगळा सापळा आहे. शिकत असताना हप्ता नाही, म्हणून व्याजही नाही असे पुष्कळ विद्यार्थी समजतात. व्याज पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून चढत असते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला दरवर्षी सुरुवातीला एक लाख उचलले, दर दहा टक्के, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत, असे धरू. पहिला लाख पाच वर्षे वापरला, दुसरा चार, तिसरा तीन, चौथा दोन. मिळून चौदा लाख-वर्षे. सरळव्याजानेही एक लाख चाळीस हजार झाले. हप्ते सुरू होतात ते पाच लाख चाळीस हजारांवर. शिकत असतानाच व्याज भरत गेले तर पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ८३३ रुपये पडतात, दुसऱ्या वर्षी दुप्पट. ज्यांना जमते त्यांनी निदान पहिल्या दोन वर्षांचे तरी भरावे, कारण सर्वांत लांब चढणारे व्याज तेच. काही बँका असे केल्यास दरात सूटही देतात. सही करण्याआधी विचारून घ्यावे.

हीच रीत बचतीला उलटी लागू पडते, आणि इथे मुले बँकेवर उगाच संशय घेतात. पोस्टात पाच वर्षांचे आवर्ती खाते, महिन्याला ५०० रुपये, दर ६.७ टक्के. भरले ३०,०००, मिळाले सुमारे ३५,६८०. मुलगा भागाकार करतो: ५,६८० भागिले ३०,०००, भागिले पाच, म्हणजे वर्षाला ३.८ टक्के. मग ६.७ गेले कुठे? कुठेही गेले नाहीत. पहिले ५०० रुपये साठ महिने होते, शेवटचे एकच महिना. साठपासून एकपर्यंतची बेरीज १,८३०, गुणिले ५००, म्हणजे ९,१५,००० रुपया-महिने. बाराने भागून ६.७ टक्के काढले तर ५,१०९ येतात. उरलेले पावणेसहाशेच्या आतबाहेरचे रुपये तिमाही चक्रवाढीचे. पिग्मीलाही हेच लावा. रोज ५० रुपये वर्षभर भरले की १८,२५० जमतात, पण चार टक्क्यांनी व्याज ३६६ च मिळेल, कारण सरासरी शिल्लक ९,१५० होती. पिग्मी मुदतीआधी मोडली तर व्याज मिळते का, उलट काही कापले जाते का, हे पुस्तकाच्या आतल्या पानावर छापलेले असते.

जास्त व्याज कोण का देतो, हा अर्थशास्त्रातला पहिला प्रश्न असायला हवा. बँकेतली ठेव, मग ती राष्ट्रीयीकृत असो की सहकारी, व्याज धरून पाच लाखांपर्यंत विम्याखाली असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची आहे. ती माणशी-बँकनिहाय मोजली जाते, त्यामुळे एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवून संरक्षण दुप्पट होत नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा हा फरक शहराने जवळून पाहिला. दीड टक्का जास्त मिळतो म्हणून ठेव हलवताना तो दीड टक्का कशाचा मोबदला आहे, हे मुलांना विचारता आले पाहिजे.

दामदुप्पट योजनांसाठी बहात्तरचा नियम पुरतो. बहात्तरला दराने भागले की दुप्पट व्हायची वर्षे मिळतात. किसान विकास पत्र ७.५ टक्क्यांनी ११५ महिन्यांत दुप्पट होते; भागाकार करा, ९.६ वर्षे, म्हणजे ११५ महिनेच. मग कुणी दोन वर्षांत दुप्पट म्हणाला तर? नियम ३६ टक्के सांगतो, आणि मोठ्या दराला हा नियम कमी पडत असल्यामुळे खरा दर ४१ टक्क्यांच्या वर आहे. इतका नफा देणारा प्रामाणिक धंदा ज्याच्याकडे असेल, तो दारोदार ठेवी गोळा करायला येणार नाही.

महागाईबद्दल थोडेच. दर सहावरून दोन टक्क्यांवर आला की वस्तू स्वस्त झाल्या असे उत्तर परीक्षेतही लिहिले जाते. शंभराची वस्तू एका वर्षी १०६ झाली आणि पुढच्या वर्षी दोन टक्क्यांनी वाढून १०८ रुपये १२ पैसे झाली. वाढ मंदावली, भाव उतरला नाही. ठेवीच्या दरातून महागाई वजा करूनच उरलेले व्याज खरे समजावे.

आमची मागणी मोठी नाही. नवे पुस्तक नको, नवा विषय नको. नववी ते बारावीच्या वर्गांनी सत्राला दोन तासिका द्याव्यात. नाव, खाते क्रमांक झाकलेला एक खरा की फॅक्ट स्टेटमेंट आणि एक पासबुक वर्गात आणावे आणि मुलांकडून सहा रकान्यांचा तक्ता भरून घ्यावा: महिना, सुरुवातीची बाकी, त्यावरचे व्याज, हप्ता, मुद्दलात गेलेली रक्कम, शेवटची बाकी. एका ओळीची शेवटची बाकी पुढच्या ओळीची सुरुवात. शेवटच्या ओळीत शून्य आले तर दर बरोबर. दोन-तीन रुपये उरले तर ते पैसे गोल केल्याचे, शंभर-दोनशे उरले तर दर चुकला. मदतीला जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे आर्थिक साक्षरता केंद्र आहे, मुख्याध्यापकांनी पत्र लिहून तिथला माणूस मागवावा. बँक किंवा वित्त कंपनीविरुद्धची तक्रार आधी त्यांच्याकडेच लेखी करायची आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यासाठीचा १४४४८ हा क्रमांक मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. विद्यार्थ्यांच्या पानावर असा कोरा तक्ता अधूनमधून छापावा आणि पुढच्या अंकात उत्तर द्यावे. सुरुवातीला हे उदाहरण घेता येईल: दुचाकीसाठी ६०,००० रुपये, दर १० टक्के फ्लॅट, २४ हप्ते, हप्ता ३,०००. खरा दर किती आणि बारा हप्त्यांनंतर बाकी किती? उत्तर १८ टक्क्यांच्या किंचित वर, आणि बाकी ३०,००० नव्हे, सुमारे ३२,७००.

आपले,
वाणिज्य व अर्थशास्त्र विषयाचे काही शिक्षक,
सोलापूर